गाळा कोणाला द्यायचा

केसरच्या दुकानात विनिता साखर आणायला गेली आणि काउंटरवरच्या टोपलीत तिला स्वतःचाच मसाला दिसला. बारक्या बारक्या पिशव्या, तोंडं मेणबत्तीवर धरून चिकटवलेली, आत छापील चिठ्ठी: घरगुती आगरी मसाला. चिठ्ठी वाचायची गरजच नव्हती. यंदा तिनं धणे भाजायला टाकले आणि नेमका प्राप्तीचा कॉलेजातून फोन आला, बस चुकली म्हणून. पोरीची समजूत घालेपर्यंत धणे जरा जास्तच लागले आणि सगळ्या मसाल्यावर एक काळसर, करपट झाक चढली. बाकी कुणाला ती कळली नाही. घरात सगळ्यांनी बोटं चाटत कालवण ओरपलं. विनिताला मात्र ती प्रत्येक घासाला कळत होती, आणि आता पिशवीच्या आतूनसुद्धा कळली. तिनं एक पिशवी उचलून नाकाशी नेली. तोच. केसरनं निदान लपवाछपवी तरी करायची! मग भांडता आलं असतं. पण केसर खुशीत होती. ड्रायव्हर लोकसुद्धा नेतात भाभी, म्हणाली, उलव्याच्या टॉवरमधली एक मॅडम तर गाडी थांबवून घेऊन जाते. मसाला करायच्या दिवसांत केसर आपली मिरची घेऊन आली होती, तुमच्यातच टाका म्हणाली होती, पैसेही पुढे केले होते. विनितानंच तिचा हात मागे ढकलला होता. शेजारणीकडून काय पैसे घ्यायचे? मसाला काय विकायची वस्तू आहे? आगऱ्याच्या घरात मसाला करतात तो घराला, माहेराला, नणंदांना, आणि कुणी वाटी पुढे केली तर त्याला. साखर तोलता तोलता केसर अगदी मनापासून बोलली, "तुमच्या लोकांचं हेच चांगलं, भाभी. दिलाचे मोठे. दुकानदारीत हात नाही घालत. म्हणून तर आमचं इथं जमलं." विनितानं साखर घेतली, सुटे पैसे घेतले, आणि पिशवी पुन्हा टोपलीत नीट उभी ठेवून बाहेर पडली.

रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती. कंटेनर यार्डाकडे जाणारी ती रांग सकाळी सुरू व्हायची आणि कधी संपायची ते कोणी बघत नसे. धूळ, डिझेल, हॉर्न. कडेकडेनं, पदर नाकाला लावून चालताना विनिताला ते वाक्य सारखं ऐकू येत होतं. म्हणून तर आमचं इथं जमलं. बाई शिवी देती तर परवडलं असतं. शिवी झटकता येते. कौतुक कसं झटकायचं? आणि खोटं तरी काय होतं त्यात? या रस्त्याला पुलापासून देवळापर्यंत जेवढे म्हणून गाळे होते ते सगळे गाववाल्यांचे, आणि एकाही गाळ्यात गाववाला बसलेला नव्हता. गाववाला गाळ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचा. आतला माणूस त्याला पाणी द्यायचा, पेपर द्यायचा, शेट म्हणायचा, आणि महिन्याला भाडं द्यायचा. एवढ्यावर सगळा गाव खूश. तिला एकदम रडूही आलं नाही आणि हसूही आलं नाही, नुसता वैताग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

घरी पोचली तर पडवीत तेच चाललेलं. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला तोंड करून, त्यांचा एक गाळा रिकामा पडला होता. आधीचा मोबाइलवाला शिमग्याला गाशा गुंडाळून गेला, आणि तेव्हापासून सासऱ्यांना म्हणजे धर्माशेटना जगण्याला विषय मिळाला होता. गाळ्याला गिऱ्हाईकं दोन. एक केसरचा नवरा भवरलाल. किराणा चालूच होता, आता त्याला नळ-पाइप, रंग, खिळे यांचं दुसरं दुकान टाकायचं होतं. दुसरा रामसजीवन, देवरियाकडचा सुतार, मागच्या चाळीतला त्यांचाच भाडेकरू. त्याला प्लायवूड आणि फर्निचरचं दुकान हवं होतं. अक्षय तृतीयेला चावी द्यायची, असं धर्माशेटनी जाहीर केलेलं. अक्षय तृतीया उद्यावर आली होती. आणि गेले कितीतरी दिवस रोज सकाळ-संध्याकाळ पडवीत एकच तोलमाप: मारवाडी बरा की भय्या बरा? धर्माशेट झोपाळ्यावर, विनिताचा नवरा परेश कठड्यावर मोबाइल घेऊन, आणि समोर ती लाल प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीत भाडेकरूला बसवून धर्माशेट सवाल करायचे. सवाल ठरलेले. गाव कंचा? इथं येऊन किती वर्षं झाली? घरान कोन कोन? कमावता कोन? जामीन कोन? माणूस पसंत नसला की म्हणायचे, बघू, कळवतो. पसंत असला तर दुसरं काहीच न बोलता एवढंच म्हणायचे, भाडा पाच तारखंच्या आत लागंल. मग समजायचं की खोली मिळाली.

आज खुर्चीत रामसजीवन होता. हात गुडघ्यांवर, केसांत लाकडाचा भुस्सा. विनिता चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो फोनवर आपलं गावाकडचं घर दाखवत होता. दुमजली, गुलाबी रंगाचं, वर कठडा, कठड्यावर सिमेंटचे मोर. एवढ्या घरात राहतं कोण, असं धर्माशेटनी विचारलं. आई राहते, बायको राहते, दोन म्हशी आहेत, असं तो म्हणाला, आणि फोन खिशात ठेवताना काच सदऱ्याला पुसली. तो गेल्यावर धर्माशेटनी झोपाळ्याला टाच मारली. "बघ परेश. भय्या पैसा गावाला धाडतो, मारवाडी पैसा इथं लावतो. रगतातच असतं ते." परेश मोबाइलमधून डोकं न काढता हो म्हणाला. मारवाडी म्हणजे चालता-बोलता एटीएम, असंही काहीतरी म्हणाला. विनिता कप उचलत होती. रगतात! तिच्या डोक्यात तिडीक गेली. रोज उठून तेच रगत. डोळ्यांपुढं असलेलं दिसत नाही या माणसांना, की बघायचंच नाही?

कारण दिसत तिला होतं. खुर्चीत बसलेल्या दोघांनाही चहा तीच घेऊन जायची, दोन्हीकडचं तिला माहीत होतं. भवरलाल पोरगेला असताना पेणला मामाच्या दुकानात राबायला आला. वर्षानुवर्षं पोटावारी राबला, मामाच्याच माळ्यावर झोपला. आणि मग एक दिवस मामानं त्याला इथं गाळा बघून दिला, आतला सगळा माल आपल्या शब्दावर भरून दिला, आणि विकशील तसे दे म्हणाला. बस. एवढंच ते रगत. आता भवरलालचा भाचा त्याच्या माळ्यावर झोपत होता. आणि रामसजीवन? तो तर भवरलालच्याही आधी इथं आलेला. मागच्या चाळीत एका खोलीत आठ जण, एक पंखा, पाळीपाळीनं स्वयंपाक. एकानं दुसऱ्याला आणला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तेही एकमेकांना धरूनच होते. पण प्लायवूडचा घाऊक व्यापारी उधारीवर माल देताना विचारायचा, तुझा दुकानवाला कोण आहे? दुकानवाला कोणीच नव्हता. दुकान नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून दुकान नाही. मग हातात उरलेला पैसा कुठं जाणार? गावाकडं जाणार, सिमेंटचे मोर होणार. हे एवढं सरळ होतं, आणि धर्माशेट झोपाळ्यावर बसून रगत मोजत होते. बरं, केसर कोणाच्या हिशेबात होती? दूधवाल्याची गाडी यायच्या आधी ती शटर उचलायची, दुकानातच भाजी चिरायची, पोळ्या लाटता लाटता गिऱ्हाईक करायची. माळ्यावर उभंही राहता यायचं नाही, तिथं दोन लेकरं वाढवली. आणि ती देवरियाकडची बाई, म्हशी सांभाळत नवऱ्याची वर्षं मोजणारी? भवरलाल हुशार, रामसजीवन मेहनती, असंच सगळे म्हणायचे. त्या दोघी कुणाच्या तोंडी यायच्या नाहीत.

आणि आपलं काय? हा सवाल तर पडवीत कधीच निघत नसे. आपल्या रगतात काय आहे, बाबा, असं एकदा विचारावं असं तिच्या कितीदा ओठांवर आलं होतं. मिठागर होतं, ते बंदराच्या कामात गेलं. मोबदला आला. मोबदल्याचा बंगला झाला, सोन्याच्या पाटल्या झाल्या, नणंदेच्या हळदीला अख्खा तालुका जेवला आणि गाव अजून त्या हळदीचं नाव काढतो. दोन ट्रेलर घेतले. एक विकला, दुसरा यार्डाबाहेर रांगेत उभा असतो, त्यावर ड्रायव्हर गोरखपूरचा, आणि मालक परेश नाक्यावर खुर्ची टाकून बसतो. वाईट माणूस नव्हता परेश. दारू नाही, हात उगारणं नाही, पोरीवर जीव. पण कुठल्याही गोष्टीला त्याचं उत्तर एकच: बाबांना विचार. दिवाळीत तिनं विचारलंही होतं. फराळ करता करता, अगदी हलक्या आवाजात, की मोबाइलवाला जायचं म्हणतोय, तर तो गाळा मला द्या, मी मसाला ठेवीन, सुकट-बोंबील ठेवीन, तांदळाचे पापड ठेवीन. धर्माशेट हसले होते. रागावले नाहीत, हसले. "धर्माशेटच्या घरची सून मसाला इकनार? लोकं बोलतील, घरान दानं सरलं." परेशही हसला. तिनंही हसून घेतलं, कारण हातात चकलीचा सोऱ्या होता आणि तेल तापलेलं होतं. नंतर तिनं परेशकडं पुन्हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, तुला काय कमी आहे? या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते तिला अजून सुचलेलं नव्हतं. कमी काहीच नव्हतं. प्राप्तीला पुण्याला शिकायला पाठवायचं असं ती मनात धरून होती, आणि पोर पुढच्या वर्षी निघायची होती. पण ते काही आताच कमी पडलं नव्हतं. बाजारात जाताना सासूच्या, सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या हाताकडं बघावं लागतं, एवढंच. साधी साखर आणायची तर झोपाळ्यापुढं जाऊन उभं राहायचं आणि ते सदऱ्याच्या खिशात हात घालेपर्यंत थांबायचं. एवढंच.

दुपारी घर निजलं तेव्हा ती गाळ्यात गेली. घरातून गाळ्यात जायला एक आतलं दार होतं. शटर बंद, आत उकाडा, खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ आणि तीतून जाणाऱ्या चाकांच्या सावल्या. मोबाइलवाल्यानं भिंतीवर चिकटवलेलं नट्यांचं चित्र अर्धं फाटलेलं. तिनं हात लांब करून भिंत मापली, इथं फळ्या, इथं बरण्या, इथं वजनकाटा, आणि बसायला उंच स्टूल, म्हणजे रस्ता दिसेल. मग तिला स्वतःचाच राग आला. उद्या इथं भवरलालचे पाइप येणार, आणि आपण भिंती मापतोय! भिंतीला हात लावला तर खारट ओल हाताला लागली. या गावात कितीही सिमेंट लावा, भिंतीतून मीठ वर येतं. तिच्या माहेरीही यायचं, पेणजवळ, खाडीकाठी. लहानपणी मिठागराच्या बांधावरून ती बापाची भाकरी घेऊन जायची, आणि कोंड्यांतलं, मिठाच्या चौकोनी वाफ्यांतलं पाणी उन्हानं आटत आटत कडेनं पांढरं व्हायचं ते बघत बसायची. डोळे चुरचुरायचे. बाप ओरडायचा, बघू नको, डोळं जातील. ते आटणं तिला आवडायचं. दिवसभर काहीच होत नसे, आणि मग एकदम पांढरं दिसायचं. आता माहेरीही मिठागर उरलेलं नव्हतं, तिथंही गाळेच झाले होते, आणि गाळ्यांत कुणी आणखी कुठले कुठले लोक. भाऊ बाहेर खुर्ची टाकून बसतो, मागच्या भाऊबीजेला तिनं पाहिलं होतं.

ती बाहेर आली तर मागल्या पडवीत सासू सुकट निवडत बसली होती. सगुणाबाई कमी बोलायच्या. इतक्या कमी, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष विनिताला वाटायचं, सासूचा आपल्यावर राग आहे. एकदाच त्या भडाभडा बोलल्या होत्या, प्राप्तीच्या वेळच्या बाळंतपणात, विनिताचं अंग चोळताना. पूर्वी मीठ डोक्यावर घेऊन त्या दारोदार जायच्या, मग उरणच्या बाजारात टोपली घेऊन बसायला लागल्या. एका पावसाळ्यात मिठागराचं काम बंद, घरात तांदूळ नाही, धर्माला कोणी उधारीला उभं करीना. तेव्हा बाजारातला वाणी म्हणाला, सगुणाचं नाव असेल तर नेऊ दे तांदूळ. सगळा पावसाळा त्या नावावर चूल पेटली. पुढे मोबदला आला आणि धर्माशेट झालेल्या नवऱ्यानं सांगितलं, आता टोपली बंद, आता आपल्याला काय कमी? टोपली माळ्यावर गेली. धर्माशेट आपली कहाणी भाडेकरूंना सांगायचे तेव्हा मिठागर असायचं, कष्ट असायचे, साहेबाशी केलेलं भांडण असायचं; वाणी आणि तांदूळ कधी नसायचे. आज विनिता सासूपाशी बसली आणि सुकटीतला कचरा वेचू लागली. केसर माझा मसाला विकते, आई, असं तिनं सांगितलं. सासूनं मान वर केली नाही. वेचता वेचताच विचारलं, "खपतो का?" खपतो, विनिता म्हणाली. सासूनं सुपाला एक झटका दिला आणि पुन्हा वेचायला लागली. बस, एवढंच! विनिताला वाटलं, सूप उचलून अंगणात भिरकावून द्यावं. या घरात एक माणूस बोलून बोलून जीव घेतं आणि एक न बोलून.

संध्याकाळी पुन्हा पडवी भरली, पुन्हा तेच. परेशचं मत भवरलालकडं, कारण भाडं वेळेवर. धर्माशेटचं मन मात्र थोडं रामसजीवनकडं झुकत होतं, कारण मारवाडी एकदा बसला की उठत नाही, आज गाळा मागतो, उद्या घर मागंल. भय्याचं बरं, कधीतरी गावाला जातो. म्हणजे वर चढतो म्हणून एक नको, चढत नाही म्हणून दुसरा नको! आतून कणीक मळता मळता विनिता हे ऐकत होती आणि कणकेवर राग काढत होती. तिला दोघांचं वाईट वाटलं, आणि मग स्वतःच्या वाईट वाटण्याचाही वैताग आला. भवरलालचा हा गाळा हुकला तर त्याला दुसरा मिळेल, मामा बसलाय पेणला. रामसजीवनला नाही मिळणार कदाचित, पण त्याची रंधा-करवत तरी त्याची आहे, उद्या कुठंही जाऊन फळी तासेल. आपलं काय? उद्या चावी गेली की गेली. मग गाळा रिकामा व्हायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोवर आपण मसाला कुटत राहू आणि केसरच्या टोपलीत तो उभा राहील, आणि पोर पुण्याला जायचं म्हणेल तेव्हा झोपाळ्यापुढं आपण दोघी जाऊन उभ्या राहू. कणीक इतकी घट्ट झाली की तिला पुन्हा पाणी घालावं लागलं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी धर्माशेट आंघोळ करून, पांढरी टोपी घालून झोपाळ्यावर बसले. स्टुलावर ताम्हण, ताम्हणात हळदकुंकू आणि गाळ्याची चावी. शेवटी कुणाला द्यायची ते त्यांनी मनात ठेवलं होतं. दोघांनाही बोलावलेलं, आधी भवरलाल, मग रामसजीवन, दोघांनी आपापले जामीन घेऊन यायचं. परेश नवा शर्ट घालून कठड्यावर. सासू उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत. विनितानं चहा आणला, कप झोपाळ्याच्या बाजूला कठड्यावर ठेवला. आणि परत आत जायच्या ऐवजी ती त्या लाल खुर्चीत बसली. आपण बसणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. खुर्ची उन्हानं तापलेली होती. तिचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले, आणि रामसजीवनचे तसेच होते हे तिला आठवलं.

"बाबा, गाळा मना पायजे," ती म्हणाली.

धर्माशेट हसले. सणाचा दिवस, सुनेनं थट्टा केली असं त्यांना वाटलं असणार. थट्टेत थट्टा म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बरा. गाव कंचा?" तिनं आपलं माहेर सांगितलं, पेणजवळचं. इथं येऊन किती वर्षं झाली? प्राप्ती कॉलेजात आहे, तिच्या वयावर दोन, ती म्हणाली. येताना काय आणलं होतं, हा सवाल त्यांच्या यादीत नव्हता, पण तिला आठवलंच: एक ट्रंक, आणि आईनं बांधून दिलेला मसाल्याचा डबा. घरान कोन कोन? सासू, सासरे, नवरा, पोर. इथवर धर्माशेट हसत होते, परेशही मोबाइल खाली करून हसत होता.

"कमावता कोन?"

"भाडेकरू," विनिता म्हणाली.

परेशचं हसू तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. धर्माशेटनी झोपाळा पायानं थांबवला. रस्त्यावर एक ट्रेलर बराच वेळ हॉर्न देत होता. तिला उठावंसं वाटत नव्हतं; इतकी वर्षं या खुर्चीपुढून ट्रे घेऊन जाताना तिला कधी कळलं नव्हतं की इथून झोपाळ्यावरचा माणूस एवढा लहान दिसतो. थट्टा नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं. धर्माशेटचा आवाज बदलला. भाडेकरू आवडला नाही की त्याला कोंडीत धरायला ते जो आवाज काढायचे, तो.

"जामीन कोन?"

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. फळ्या आल्या होत्या, बरण्या आल्या होत्या, स्टुलाची उंचीसुद्धा. जामीन? भवरलालला मामा होता. रामसजीवन कुणा ठेकेदाराच्या हातापाया पडून त्याला घेऊन येणार होता. माहेरचा भाऊ धर्माशेटना चालणार नाही, आणि तो येणारही नाही. तिनं परेशकडं पाहिलं. परेशनं बापाकडं पाहिलं. म्हणजे संपलं. एवढं धाडस केलं, आणि या एका सवालावर आपण रामसजीवनच्याही मागं! आता उठायचं, कप उचलायचा, आत जायचं.

"मी हाय," सासू म्हणाली.

सगुणाबाईंचे हात तांदळातच होते. धर्माशेट वळून म्हणाले, तू गप. तुज्याकरं काय हाय जामीन राहायला? सासूनं एक खडा वेचला, बाजूला टाकला, आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडं सरळ पाहिलं.

"उरणच्या बाजारान टोपली घेऊन मी बसायची. तवा वान्यानं तांदूळ कोनाच्या नावावर दिला, ते सांगा या पोराला."

परेशनं विचारलं, कुठला तांदूळ? धर्माशेट रस्त्याकडं बघत राहिले. त्यांचा टोपीखालचा कान लाल झाला होता. फाटकाबाहेर स्कूटर थांबली. भवरलाल आणि पेणचे मामा उतरले, मामांच्या हातात पेढ्यांचा पुडा. भवरलाल फाटकाची कडी काढू लागला. धर्माशेटनी ताम्हणातली चावी बोटानं सरकवली, तिच्या बाजूला, अगदी थोडी, आणि तिच्याकडं न बघता बोलले.

"भाडा पाच तारखंच्या आत लागंल."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. स्वतःच्या घरात भाडं! हे विनितानं मनात म्हटलं, आणि तिला इतका वैताग आला की चावी उचलताना हाताला कुंकू लागलं तेही तिनं पुसलं नाही. मूठ मिटली. चावी जड होती, आणि ऊबदार.

"पावती लागंल मना," ती म्हणाली.

धर्माशेटनी कप उचलून, तोंडाला लावून खाली ठेवला आणि म्हणाले, च्या थंड झालाय. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. सासू तांदूळ निवडत राहिली. विनिता बसून राहिली. परेश एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत होता; मग त्यानं मोबाइल खिशात घातला, कप उचलला आणि आत गेला. आत भांडी वाजली, एक झाकण खाली पडून फिरत राहिलं. साखर कुठं आहे, असं त्यानं आतून ओरडून विचारलं. इतक्या वर्षांत या माणसाला साखर कुठं आहे ते माहीत नाही! भवरलाल आणि त्याचे मामा पायऱ्या चढून वर आले होते, हात जोडून हसत उभे होते, आणि बसायला लाल खुर्ची रिकामी नव्हती.